कर वाचत नाही, तरी ठेवा

जानेवारी लागला की कारखान्यातली माणसं मला चुकवायला लागायची. कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन बसले की समोरचा घाईघाईने ताक संपवून उठायचा. कर वाचवण्यासाठी कुठे पैसे गुंतवले, त्याचे पुरावे मी मागणार हे त्यांना ठाऊक असायचं. आणि मार्चचा पगार कापून हातात पडला की हीच माणसं माझ्या टेबलाभोवती गोळा व्हायची. "मॅडम, इतका कसा कापला?" मी म्हणायची, "जानेवारीत ताक जरा सावकाश प्यायला असतात तर नसता कापला."

के. आर. पुरमच्या पुढे पंपांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. तिथल्या पगार विभागात मी जन्म काढला, शेवटची काही वर्षं विभागाची प्रमुख म्हणून. मी मूळची निपाणीची. लग्न करून बेंगळुरूला आले तेव्हा मराठीइतकंच कन्नड येत होतं, म्हणून ही नोकरी मिळाली. पगाराच्या कामात बेरजा-वजाबाक्या मशीन करतं. माणसाच्या हातात आलेली रक्कम त्याच्या अपेक्षेपेक्षा कमी का, हे त्याला त्याच्या भाषेत सांगायला माणूस लागतं. ते माणूस मी होते. या लेखातली सगळी बोलणी खरं तर कन्नड, तमिळ, हिंदी आणि थोड्या इंग्रजीत झालेली आहेत. इथे ती मराठीत मांडते आहे.

बाहेरच्या माणसाला आमच्या कामातली एकच गोष्ट समजली तरी पुरे. दर महिन्याला तुमच्या मूळ पगाराचा काही हिस्सा पीएफमध्ये जातो. तेवढाच हिस्सा कंपनी आपल्या बाजूने घालते. हे म्हातारपणाचे पैसे. शिवाय ज्याला हवं त्याला स्वतःच्या मर्जीने जास्तीची कपात करून घेता येते. त्यात मात्र कंपनी काही घालत नाही. आता कराचं. पूर्वी सरसकट सगळ्यांना लागू असलेल्या पद्धतीत अशा बचतीवर दीड लाखापर्यंत सूट मिळते. पण त्या दीड लाखात तुमचा पीएफही मोजला जातो, मुलांची शाळेची फीही मोजली जाते. हे बहुतेकांना माहीत नसतं. पीएफ वेगळा, टॅक्सवाली गुंतवणूक वेगळी, असं समजून माणसं मार्चच्या शेवटी धावत सुटतात आणि वाटेत भेटेल त्या एजंटाकडून विमा घेतात.

आमच्या टूलरूममधला शिवण्णा हा त्यातला अस्सल नमुना. त्याचा मेव्हणा विमा एजंट. दर मार्चमध्ये शिवण्णा नवी पॉलिसी घेऊन यायचा. एकदा मी त्याला बसवलं आणि दाखवलं की त्याचा पीएफ आणि दोन मुलींची फी एवढ्यानेच सवलत भरून जाते. या पॉलिसीने एक पैचाही कर वाचत नाही. शिवण्णा म्हणाला, "मॅडम, हे माझ्या मेव्हण्याला तुम्ही सांगाल का?"

"मी कशाला? तूच सांग."

पुढच्या मार्चमध्ये तो पुन्हा नवी पॉलिसी घेऊन हजर. मी नुसतं वर पाहिलं. तो म्हणाला, "टॅक्ससाठी नाही मॅडम. घरातल्या शांततेसाठी. ह्याचा हप्ता तेवढ्यासाठीच."

अशी ही माणसं. कराच्या धाकाने का होईना, काहीतरी बाजूला टाकत होती. आणि मग नवी कररचना आली.

नव्या रचनेत कराचे दर कमी झाले, आणि काही उत्पन्नापर्यंत कर शून्यच झाला. बदल्यात जुन्या सवलती गेल्या. विमा घ्या नाहीतर न घ्या, पीएफमध्ये जास्तीचे घाला नाहीतर न घाला, कराला फरक पडत नाही. आमच्या कारखान्यातल्या बहुतेक कामगारांना नव्या रचनेत कर बसतच नव्हता. लोक खूश झाले, मीही झाले. जानेवारीतली लपाछपी संपली. पण त्याच एप्रिलमध्ये माझ्या टेबलावर अर्जांची चळत येऊन पडली. सगळ्यांचा मजकूर एकच: माझी जास्तीची कपात बंद करा.

कारण विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर. "टॅक्स वाचत नाही ना आता. मग कशाला?"

त्या दिवशी मला खरा धक्का बसला. इतकी वर्षं मी समजत होते की ही माणसं म्हातारपणासाठी साठवत आहेत. ती फक्त कर वाचवत होती. म्हातारपणाचा विचार त्यात कुठेच नव्हता. धाक गेला, बचतही गेली.

मी ते अर्ज घेऊन नरसिंहन यांच्याकडे गेले. हे आमचे वित्तप्रमुख. हुशार, सभ्य, आणि माझ्यापेक्षा वयाने लहान. त्यांनी अर्ज चाळले आणि म्हणाले, "बंद करा. त्यांचेच पैसे आहेत." मग त्यांनी पुढचा विषय काढला. नव्याने रुजू होणाऱ्यांचा पीएफ यापुढे पूर्ण मूळ पगारावर कापायचा नाही. कायद्याने जेवढ्या किमान रकमेवर कापावाच लागतो, तेवढ्यावरच कापायचा. कंपनीचा उरलेला वाटाही त्यांना भत्ता म्हणून हातात द्यायचा.

"पोरं दोन-तीन हजारांसाठी नोकरी सोडून जातात, सुनंदा मॅडम," ते म्हणाले. "डिलिव्हरीच्या कंपन्या हातात जास्त देतात. मला माणसं टिकवायची आहेत. आपण कुणाला फसवत नाही. त्यांनाच हवंय."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि हीच माझी अडचण होती. खोटं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

मी म्हणाले, "सर, ज्याला कमी कापून हवंय त्याचं कमी कापा. पण त्याने तसं स्वतःहून मागू दे. काहीच न बोलता रुजू होणाऱ्याचा पीएफ पूर्ण पगारावरच कापला जाऊ दे. बावीस वर्षांच्या मुलीपुढे पहिल्या दिवशी वीस कागद ठेवतात. ती न वाचता सही करते. मग न वाचता केलेल्या सहीने तिचं नुकसान का व्हावं? फायदा होऊ दे."

"ती दुसऱ्या महिन्यात तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल."

"येऊ दे. त्यासाठीच मी आहे."

ते हसले, पण हो म्हणाले नाहीत. आठवडाभर मी विचार करत होते. त्याच सुमाराला नरसिंहन यांना अधिकाऱ्यांसाठी एनपीएस सुरू करायचं होतं, म्हणजे निवृत्तिवेतनाची सरकारी योजना. नव्या कररचनेतही एक वाट उघडी राहिली होती: कंपनीने आपल्या बाजूने तुमच्या एनपीएसमध्ये पैसे घातले तर त्यावर ठराविक मर्यादेपर्यंत कर लागत नाही. मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्यांना त्याचा खरा उपयोग होता. पण ते उभं करायचं म्हणजे प्रत्येकाची खाती उघडणं, पगाराची मांडणी बदलणं, सहा महिन्यांची कटकट. ते काम घ्यायला कुणी तयार नव्हतं.

मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले. "एनपीएसचं काम मी करते. एकटीने. बदल्यात मला दोन गोष्टी हव्यात. नव्या माणसांबद्दल मी सांगितलं ते. आणि कपात बंद करणाऱ्या प्रत्येकाने आधी माझ्याशी एकदा बोलायचं. नंतर त्याला हवं ते करू दे, मी अडवणार नाही."

नरसिंहन यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुम्ही दोन वर्षांत निवृत्त होणार. मग हा हट्ट कशासाठी?"

"दोन वर्षांत निवृत्त होणार म्हणूनच," मी म्हणाले.

त्यांनी मान्य केलं.

मग मी कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसायला सुरुवात केली. जेवणाच्या सुट्टीत लोक यायचे. मी पहिलं वाक्य ठरवून टाकलं होतं: "कर वाचत नाही, हे खरं आहे. आता बोल." कारण तेवढं मान्य केल्याशिवाय ऐकायला कुणी तयार नव्हतं. मग मी विचारायची, साठीनंतर घरात कोण कमावणार? बहुतेकजण हसायचे, काहीजण मुलाचं नाव सांगायचे. एकजण म्हणाला, "साठीपर्यंत कोण जगतंय, मॅडम?" त्याचे वडील ऐंशीचे होते आणि त्यांच्या औषधाला तोच माझ्याकडून उचल घेत होता. मी ते बोलून दाखवलं नाही. त्याचं त्यालाच आठवलं असावं, कारण तो अर्ज परत घेऊन गेला.

बहुतेकांनी कपात बंद केलीच. हे लपवण्यात अर्थ नाही. काहींना तर मीच बंद करायला सांगितलं. पेंट शॉपमधल्या एकाने मोबाइलवरच्या कसल्याशा अॅपवरून जबर व्याजाचं कर्ज काढलं होतं. त्याला म्हणाले, आधी ते फेड, पीएफ कुठे पळून जात नाही. साठवण चांगली म्हणून उपाशी राहून साठवायची नसते. पण ज्याला शक्य होतं त्याला मी सहज सोडलं नाही.

तिथेच फिलोमिना आली. ही असेंब्ली लाइनची सुपरवायझर, बेंगळुरूतल्या शिवाजीनगरची, पन्नाशीच्या आतबाहेर. कामात इतकी चोख की तिच्या लाइनवर मोठ्याने बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं. गेली कित्येक वर्षं ती न चुकता जास्तीची कपात करून घेत होती. तिने अर्ज पुढे ठेवला, म्हणाली, "बंद करा अक्का. टॅक्स वाचत नाही."

तिने कधी कराचा विषय काढला नव्हता. मी म्हटलं, "फिलोमिना, हे तुझं वाक्य नाही. कुणाचं आहे?"

ती हळूहळू सांगायला लागली. तिचा नवरा अँथनी शिंपी. शिवाजीनगरच्या बाजारामागे बापाच्या वेळचं लहानसं दुकान. अँथनीचा भाऊ देवनहळ्ळीजवळ प्लॉट घेत होता. विमानतळाच्या बाजूला शेतं मोडून प्लॉटांचे लेआउट पडत होते, त्यातलाच एक. निम्मा हिस्सा अँथनीने घ्यावा, असा त्याचा आग्रह. अँथनीकडे पैसे नव्हते. फिलोमिनाचा पीएफ होता. जागा घेण्यासाठी पीएफमधून रक्कम काढता येते, हे भावाला माहीत होतं. वर जास्तीची कपात बंद केली की दर महिन्याचे तेही पैसे प्लॉटला लावता आले असते.

"आणि प्लॉट कुणाच्या नावावर?" मी विचारलं.

"दोघा भावांच्या."

"तुला काय वाटतं?"

"मला नको वाटतं, अक्का. पण घरात रोज तेच. जेवताना तेच, चर्चमधून येताना तेच. मी दमले."

मी म्हणाले, "अर्ज माझ्याकडे राहू दे. सही तुझी आहे, तू म्हणशील तेव्हा पुढे पाठवते. त्याआधी मी तुझ्या घरी येऊ का?"

पगार विभागातल्या बाईने कामगाराच्या घरी जाऊन नवरा-बायकोच्या मध्ये पडावं का? पडू नये. माझ्या नवऱ्यानेही तेच सांगितलं. तरी रविवारी मी बस पकडून शिवाजीनगरला गेले.

दुकान म्हणजे एक खण. दोन मशीन, भिंतीला लटकलेले शर्ट. एका मशीनवर अँथनी, दुसऱ्यावर त्याचा बाप. म्हातारा काजं करत होता. कापड डोळ्यांपासून चार बोटांवर धरलेलं. मी आले तसा त्याने मान हलवली आणि पुन्हा कामाला लागला.

अँथनी तुटक नव्हता. त्याने स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. मला सांगा, कागदावरचे पैसे कुणी पाहिलेत? जमीन दिसते. तिच्यावर उभं राहता येतं."

"खरं आहे. आणि जमिनीचा भाव वाढेलही," मी म्हणाले. "मी त्याच्याविरुद्ध बोलायला आले नाही. जागा घ्या. पण तुमच्या कमाईतून घ्या."

"माझ्या कमाईतून?" तो हसला. "ही बघा माझी कमाई." त्याने दुकानभर हात फिरवला. "तयार कपड्यांच्या जमान्यात शिंप्याकडे कोण येतं? उसवलेलं शिवायला येतात, चेन बदलायला येतात."

"मग तुम्हाला साठीनंतर कोण देणार?"

"शिंप्याला साठी नसते, मॅडम. हात चालतो तोवर चालतो." हे बोलताना त्याने बापाकडे पाहिलं नाही.

फिलोमिना दारात उभी होती. आता ती आत आली आणि सासऱ्याच्या मशीनजवळ उभी राहिली. आवाज चढवला नाही, लाइनवर बोलते तशीच बोलली.

"मामांना विचार. त्यांना आज उठायचंय का मशीनवरून."

म्हाताऱ्याचे हात थांबले.

"विचार ना. रोज सकाळी मी त्यांच्या डोळ्यांत औषध घालते. मला माहीत आहे त्यांना काय दिसतं आणि काय नाही. ते हौसेने नाही बसत. बसले नाहीत तर तुला संध्याकाळी काजांचे पैसे बाहेर द्यावे लागतील. माझ्या फंडातले पैसे काढले की म्हातारपणी या मशीनवर तू, आणि तुझ्या शेजारी मी. मी नाही बसणार, अँथनी. तुला प्लॉट पाहिजे तर घे, भावाकडून उसने घे. माझा फंड माझा."

अँथनीचा चेहरा उतरला. माझ्यासमोर बोलली, हे त्याला जास्त लागलं असावं. त्याने चहाचे ग्लास उचलले आणि बाहेर नेऊन ठेवले, परत आलाच नाही. मी निघाले तेव्हा म्हातारा तमिळमध्ये सुनेला काहीतरी म्हणाला. बसस्टॉपपर्यंत ती सोडायला आली, तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, आज काजं पुरेत." आणि ती रडायला लागली.

सोमवारी तिने अर्ज माझ्याकडून परत घेतला आणि फाडला. अँथनी पुढे कितीतरी दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलत होता. ती कॅन्टीनमध्ये यायची, पण पूर्वीसारखी बसायची नाही. मला वाटायचं, मी कशाला गेले? आकड्यांचं काम आकड्यांपुरतं ठेवायला काय झालं होतं?

त्यात तो प्लॉट भावाने दुसऱ्या एकाला भागीदार घेऊन विकत घेतला आणि त्याचा भाव खरोखरच वाढला. चांगला सणसणीत वाढला. फिलोमिनाने स्वतःच मला सांगितलं. मी हिशोब करून पाहिला. पीएफच्या व्याजाने तेवढी वाढ कधीच दिली नसती. मी म्हणाले, "फिलोमिना, मी तुला चुकीचं सांगितलं का?"

ती विचार करून म्हणाली, "तुम्ही भाव सांगायला आला नव्हतात, अक्का."

ते माझं समाधान करण्यासाठी होतं की तिला खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही कळलेलं नाही. पण एक गोष्ट घडली. बापाला अँथनीने मशीनवरून उठवलं. काजं बाहेर द्यायला लागला. आणि एके दिवशी फिलोमिनाच्या फोनवरून त्याने मला विचारलं, "मॅडम, दुकानदाराला असं खातं उघडता येतं का? महिन्याला थोडं थोडं टाकायचं?" मी म्हणाले, येतं, एनपीएस कुणालाही उघडता येतं. पण तुम्हाला कर बसत नाही, तेव्हा कर वाचण्याचा प्रश्न नाही. तो म्हणाला, "कराचं कोण विचारतंय?" त्याने खातं उघडलं. रक्कम अगदी स्वल्प, पण दर महिन्याला.

मी ठरल्या वेळी निवृत्त झाले. अधिकाऱ्यांचं एनपीएस तोवर उभं राहिलं होतं. नव्या माणसांचा पीएफ पूर्ण पगारावर कापण्याची पद्धत नरसिंहन यांनी मी गेल्यावर बदलली नाही; ते शब्दाला पक्के निघाले. निरोपाच्या वेळी ते म्हणाले, "तुमच्यामुळे थोडी पोरं सोडून गेली असतील." मी म्हणाले, "गेली असतील. राहिलेल्यांचं बघा."

गेल्या दिवाळीआधी कारखान्यात एका कागदावर सही करायला गेले होते. जेवणाची सुट्टी चालू होती. कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर फिलोमिना बसलेली. तिला कुणी नेमलेलं नाही. पगार विभागातली नवी मुलं म्हणे लोकांना तिच्याकडे पाठवतात. समोर एक नवी मुलगी, के. आर. पुरमला पीजीमध्ये राहणारी, हातात अर्ज घेऊन.

"हातात फार कमी येतं, अक्का," मुलगी म्हणत होती. "आणि टॅक्स तर वाचतच नाही. कुणीतरी म्हणालं हे पैसे अडकून पडतात."

"पडतात," फिलोमिना म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या मते यापायी मी एक प्लॉट घालवला. खरंच घालवला."

मुलगी गोंधळली. "मग?"

"मग काय. घरात सगळे एका बाजूला होते. मी 'नाही' म्हणाले, आणि माझं ते 'नाही' सगळ्यांना ऐकावं लागलं. कारण ते पैसे माझे होते." तिने अर्ज मुलीकडे परत सरकवला. "तू साठ वर्षांची होशील तेव्हा तुलाही कुणाला तरी नाही म्हणावं लागेल. मुलाला, नवऱ्याला, कुणालाही. तेव्हाचे हे पैसे आहेत. टॅक्सचे नाहीत."

मुलीने अर्जाकडे पाहिलं. घडी केली, मग पुन्हा उघडली. "मी घरी विचारून सांगू?"

"विचार," फिलोमिना म्हणाली. "पण ठरव तू."

मी मागे उभी होते, हे तिला दिसलं नव्हतं. पुढे होऊन दोन शब्द बोलावेत असं फार वाटलं. पण रांगेत आणखी दोघेजण होते, आणि सुट्टी संपत आली होती. मी तशीच मागे फिरले आणि बस धरली.